आदेशांचा क्रम : क्वांटम बीजगणित आणि मराठी रूपविचार यांसाठी एकच पुनर्लेखन-यंत्र (प्रकल्प नोंदी)

३ जून २०२४

आजवर ही दोन कामे दोन वेगळ्या फोल्डरांत राहत होती. एकात क्वांटम बीजगणितातील गुणाकार प्रमाण क्रमात आणून देणारे छोटे प्रोग्रॅम होते, तर दुसऱ्यात मराठी नामांची सामान्यरूपे तयार करणारे आणि उलट दिशेने मूळ शब्द शोधणारे. दोन्हींचा गाभा बाजूला काढून पाहिला तर काम एकच आहे. चिन्हांची एक माळ घ्यायची, तिच्यातील ठरावीक तुकडा दिसला की त्याच्या जागी दुसरा तुकडा ठेवायचा, आणि बदलण्यासारखे काही उरले नाही की थांबायचे. म्हणून हा गाभा एकदाच नीट लिहावा, त्याच्या चाचण्या एकदाच कराव्यात आणि दोन्ही विषयांची नियमावली बाहेरून भरावी, असा हा प्रकल्प आहे.

या नोंदी ठेवण्यामागे एक विशिष्ट प्रश्न आहे. एकाच तुकड्यावर दोन नियम हक्क सांगू लागले तर आधी कोणता चालवायचा, आणि निवड बदलली तर उत्तर बदलते का? हा प्रश्न दोन्ही विषयांत येतो. त्याचे उत्तर दोन्हीकडे सारखे नसावे असा माझा कयास आहे, पण तो चाचण्यांनी ठरवायचा आहे.

६ जून २०२४

आज फक्त रचनेचे निर्णय घेतले. प्रत्येक पद म्हणजे अक्षरांची माळ आणि तिच्या पुढे एक सहगुणक. बीजगणितासाठी सहगुणक म्हणजे क्यू या चलातील बहुपदी असेल, तिच्यात ऋण घातांकांना मुभा राहील. मराठीसाठी सहगुणक नेहमी १.

मूलकणांच्या भौतिकशास्त्रात असे यंत्र नवे नाही. मार्टिनस व्हेल्टमन यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतील स्लॅक प्रयोगशाळेत ‘स्कूनस्खिप’ हा प्रोग्रॅम लिहिला, तो सांकेतिक बीजगणित करणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅमांपैकी एक होता. त्याच परंपरेत योस फर्मासेरेन यांनी १९८९ मध्ये ‘फॉर्म’ प्रसिद्ध केला, आणि फाइनमन आकृत्यांची अनेक मोठी गणिते आजही त्यावर होतात. ‘फॉर्म’मध्ये साधे ‘फंक्शन’ जाहीर केले की ते क्रमसापेक्ष मानले जाते आणि क्रमनिरपेक्ष हवे असेल तर तसे वेगळे सांगावे लागते, ही निवड मला फार समंजस वाटते. आमच्या यंत्रातही तेच धोरण ठेवले आहे : कोणतीही दोन अक्षरे आपणहून जागा बदलणार नाहीत, त्यासाठी नियम लिहावाच लागेल. भाषेच्या बाजूने पाहिले तर याला पर्याय नव्हताच. ‘कप’ आणि ‘पक’ यांना एकच समजणारे यंत्र मराठीच्या कामाचे नाही.

११ जून २०२४

पहिली चाचणी दोलकाची. अ⁺ हा ऊर्जेचा एक पुंज वाढवणारा निर्मिती ऑपरेटर आणि अ हा तो घटवणारा लोप ऑपरेटर मानून, १९७६ मध्ये अरिक आणि कून यांनी मांडलेला संबंध घेतला : अ·अ⁺ = क्यू·अ⁺·अ + १. नियम एकच आहे, डावी बाजू दिसली की तिथे उजवी ठेवायची. सर्व अ⁺ डावीकडे आणि सर्व अ उजवीकडे गेले की पद प्रमाण क्रमात आले. क्षेत्र सिद्धांतात हा क्रम रोजच्या वापराचा आहे, आणि तो गाठताना कोणकोणती जास्तीची पदे निर्माण होतात याचा हिशोब जान-कार्लो विक यांच्या १९५० च्या प्रमेयाने घालून दिला.

अ⁺अ याचा वर्ग यंत्राने क्यू·(अ⁺)²अ² + अ⁺अ असा दिला. घनासाठी उत्तर आले : क्यू³·(अ⁺)³अ³ + (क्यू² + २क्यू)·(अ⁺)²अ² + अ⁺अ. हातानेही तेच येते. क्यू = १ ठेवले की सहगुणक १, ३, १ उरतात, आणि तीन वस्तू अनुक्रमे तीन, दोन आणि एका गटात वाटण्याचे प्रकार तेवढेच आहेत. चौथ्या घातासाठी १, ६, ७, १ मिळाले. या स्टर्लिंग संख्या प्रमाण क्रमात दडलेल्या असतात हे काट्रिएल यांनी १९७४ मध्ये दाखवले होते, त्यामुळे यंत्राच्या अचूकतेची ही एक स्वस्त आणि भरवशाची कसोटी आहे. गाभ्यात कोणताही बदल झाला की ही चाचणी आपोआप चालेल अशी व्यवस्था केली.

दोन प्राचले असलेला दोलकही नंतर घ्यावा. तो १९९१ मध्ये चक्रबर्ती आणि जगन्नाथन या चेन्नईच्या संशोधकांनी मांडला. त्यात उजव्या बाजूला १ ऐवजी दुसऱ्या प्राचलाचा घात येतो आणि त्या घातांकात कणसंख्येचा ऑपरेटर असतो, म्हणजे वर्णमालेत आणखी एक अक्षर आणि त्याचे दोन नियम वाढतील.

१८ जून २०२४

आज मुख्य उदाहरण घेतले, ते म्हणजे एसएल-२ (कर्णावरील पदांची बेरीज शून्य असलेल्या २ × २ मॅट्रिक्सचे ली बीजगणित) याचे क्वांटम रूप. कुलिश आणि रेशेतिखिन यांना ते १९८१ मध्ये लेनिनग्राडमध्ये एकमितीय साखळ्यांच्या अभ्यासात सापडले, आणि १९८५ मध्ये ड्रिनफेल्ड व जिंबो यांनी स्वतंत्रपणे त्याला सर्व सरल ली बीजगणितांपर्यंत नेले. जनक, म्हणजे ज्यांच्या गुणाकारांतून बाकी सगळे बनते ती मूळ अक्षरे, तीन आहेत, ई, एफ आणि के, शिवाय के चा व्यस्त. प्रमाण क्रम मी असा ठरवला : आधी एफ, मग के, मग ई. त्यामुळे नियम असे झाले :

ई·के → क्यू⁻²·के·ई
के·एफ → क्यू⁻²·एफ·के
ई·एफ → एफ·ई + (के − के⁻¹)/(क्यू − क्यू⁻¹)

वर सांगितलेला वाद इथे प्रथमच उभा राहतो. ई·के·एफ या माळेत मधला के दोन नियमांत सामाईक आहे : डावीकडचा नियम ई·के ला पकडू पाहतो, उजवीकडचा के·एफ ला. डावीकडून सुरुवात केली तर आधी क्यू⁻²·के·ई·एफ मिळते आणि तेथून पुढे जाऊन शेवटी क्यू⁻⁴·एफ·के·ई + क्यू⁻²·(के² − १)/(क्यू − क्यू⁻¹) येथे थांबतो. उजवीकडून सुरुवात केली तर मधल्या पायऱ्या वेगळ्या दिसतात, परंतु शेवटचे पद अक्षरशः तेच येते. के चा व्यस्त घेतला तरी चित्र असेच आहे.

जॉर्ज बर्गमन यांनी १९७८ मध्ये या पद्धतीला नीट चौकट दिली, आणि तिच्या मुळाशी न्यूमन यांचे १९४२ चे प्रमेय आहे. पुनर्लेखन कधीतरी थांबते याची खात्री असेल, तर असे सामाईक तुकडे तेवढे तपासावेत. ते सगळे जुळले की कोणत्याही पदाला, कोणत्याही मार्गाने, एकच प्रमाणरूप मिळते. पदे अगणित असली तरी तपासायच्या जागा मोजक्या असतात, हे या प्रमेयाचे खरे बळ आहे. या गुणाला मी नोंदींत ‘संगम’ म्हणेन. एफ, के, ई यांच्या क्रमवार घातांनी बीजगणिताचा आधार बनतो, हे पाठ्यपुस्तकी विधान त्यातूनच येते.

१९ जून २०२४

संगम नसेल तर काय होते हे पाहण्यासाठी तिसरा नियम मुद्दाम बिघडवला आणि त्याच्या उजव्या बाजूला एक जास्तीचा ई जोडला. आता ई·के·एफ ची दोन उत्तरे वेगळी आली : एकात जास्तीचे पद क्यू⁻²·के·ई होते, दुसऱ्यात क्यू⁻⁴·के·ई. दोन्ही समान असलीच पाहिजेत, कारण ती एकाच पदाची रूपे आहेत. के ला व्यस्त असल्यामुळे आणि क्यू सर्वसाधारण असल्यामुळे निष्कर्ष एकच निघतो : ई = ०. तो लगेच तिसऱ्या नियमात शिरतो आणि के = के⁻¹ असे सांगतो, म्हणजे के² = १. मग के² ला एफ च्या पलीकडे नेले की एफ = क्यू⁻⁴·एफ, म्हणजे एफ = ०. एका जास्तीच्या अक्षराने अख्खे बीजगणित के² = १ एवढ्यावर आले.

बीजगणितात क्रमावर अवलंबून असलेले उत्तर हे काही दोन मतांपैकी एक मत नसते. तो एक लपलेला संबंध असतो, आणि तो बाहेर आला की मान्य करावाच लागतो. क्नुथ आणि बेंडिक्स यांची १९७० ची पूर्तीकरणाची कृती नेमके हेच करते : जुळत नसलेली जोडी सापडली की तिचाच नवा नियम बनवते आणि पुन्हा तपासते. ही कृती यंत्रात घातली आहे, पण तिच्यासाठी वेगळी कळ ठेवली. कळ का ठेवली ते मराठीच्या नोंदींत येईल.

२६ जून २०२४

संगम असला तरी मार्गाची निवड फुकट नसते, हे आज डिरॅकच्या गॅमा मॅट्रिक्सवर पाहिले. दोन शेजारी गॅमांची अदलाबदल केली की चिन्ह बदलते आणि एक जास्तीचे पद येते, एवढ्या एकाच नियमावर गॅमांच्या गुणाकाराचा ट्रेस (कर्णावरील पदांची बेरीज) काढता येतो. पण सरळ काढत गेल्यास चार गॅमांसाठी ३, सहासाठी १५, आठसाठी १०५, दहासाठी ९४५ आणि बारासाठी १०,३९५ पदे होतात. सारखा निर्देशांक असलेल्या गॅमा आधी जवळ आणून संपवल्या तर यांतील बहुतेक पदे जन्मालाच येत नाहीत. उत्तर तेच राहते, स्मृती मात्र कितीतरी कमी लागते.

हा काटकसरीचा प्रश्न किरकोळ नाही. इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय आघूर्णाच्या दुरुस्तीसाठी तिसऱ्या पायरीला ७२ आकृत्या लागतात, चौथीला ८९१ आणि पाचवीला १२,६७२. तिसऱ्या पायरीचे बंद सूत्र लापोर्ता आणि रेमिद्दी यांनी १९९६ मध्ये पूर्ण केले. त्या मापाचे काम आमच्या यंत्राकडून होणार नाही आणि तशी अपेक्षाही नाही. तरीही नियम निवडणारा भाग गाभ्यापासून वेगळा ठेवला, म्हणजे तो बदलून पाहता येतो आणि उत्तराला धक्का लागत नाही.

४ जुलै २०२४

यांग–बॅक्स्टर समीकरण. एका रेषेवर धावणारे तीन कण घ्यावेत. सगळ्यांत वेगवान कण मागे आहे, त्यामुळे तिघांच्या जोड्या एकमेकांना भिडणारच, पण कोणती जोडी आधी भिडते हे सुरुवातीच्या अंतरांवर अवलंबून असते. टक्करी दोघा-दोघांतच होत असतील आणि तिघांच्या एकत्रित टक्करीने वेगळे काही निर्माण होत नसेल, तर दोन्ही क्रमांतून शेवटची स्थिती एकच आली पाहिजे. यांग यांना हे समीकरण १९६७ मध्ये बिंदू-स्पर्शाने परस्परक्रिया करणाऱ्या कणांच्या प्रश्नात मिळाले, बॅक्स्टर यांना १९७२ मध्ये द्विमितीय जालकाच्या प्रारूपात. झामोलोद्चिकोव्ह बंधूंनी १९७९ मध्ये त्याच आधारावर द्विमितीय अवकाश-काळातील अनेक क्षेत्र सिद्धांतांच्या प्रकीर्णन मॅट्रिक्स अचूक लिहून काढल्या.

ही अटदेखील संगमाचीच आहे, फक्त येथे तो गणिताच्या सोयीसाठी नसून निसर्गाकडून मागितलेला आहे. यंत्रात एसएल-२ ची ४ × ४ आर-मॅट्रिक्स, म्हणजे दोघांच्या टक्करीचे कोष्टक, भरली : कर्णावर क्यू, १, १, क्यू आणि कर्णाबाहेर एकच पद, क्यू − क्यू⁻¹. तिन्ही जोड्यांसाठी ८ × ८ मॅट्रिक्स तयार करून दोन्ही बाजूंचे गुणाकार पदशः ताडले, आणि ते जुळले. मॅट्रिक्सनंतर दोन कणांची अदलाबदल केली की मिळणाऱ्या ऑपरेटरची आयगेन मूल्ये क्यू आणि −क्यू⁻¹ एवढीच असतात, तेही तपासले.

मूलकणांकडून आलेल्या वाचकाला ही केवळ एकमितीय करमणूक वाटू नये म्हणून एक उल्लेख करून ठेवतो. मिनाहान आणि झारेम्बो यांनी २००२ मध्ये दाखवले की चार मितींतील कमाल अतिसममितीच्या गेज सिद्धांतात, अदिश क्षेत्रांपासून बनलेल्या ऑपरेटरांच्या मापनमितींची पहिली दुरुस्ती म्हणजे एका पूर्णपणे सोडवता येणाऱ्या साखळीची ऊर्जा आहे. तेथून ही सगळी यंत्रणा चार मितींच्या सिद्धांतात आली.

१२ जुलै २०२४

आजपासून मराठी. शब्दांच्या नियमांकडे जाण्याआधी अक्षरांच्या संगणकीय रूपाची सफाई करावी लागते, आणि तिथे पहिल्याच पायरीला जुनी ओळखीची गोष्ट भेटली. युनिकोडमध्ये प्रत्येक जोडचिन्हाला एक वर्गांक असतो. देवनागरी नुक्त्याचा वर्गांक ७ आहे आणि हलन्ताचा ९. माळेत हलन्त आधी आणि नुक्ता नंतर आला असेल, तर प्रमाणीकरण त्यांची अदलाबदल करते. वर्गांक सारखे असतील तर जागा बदलत नाही. म्हणजे बीजगणिताच्या आधारासाठी आम्ही एफ, के, ई यांना रांगेत लावतो तसेच हे रांगेत लावणे आहे, आणि वर्गांकांच्या चढत्या क्रमात लावणे कोठूनही सुरू केले तरी एकाच जागी संपते. संगम इथे रचनेतच आहे.

मराठीला लागणारा ऱ हा र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांत मोडता येतो आणि संयुक्त प्रमाणरूपात पुन्हा एक होतो. क, ख, ग यांच्या खाली नुक्ता देऊन झालेली अक्षरे मात्र त्याच प्रमाणरूपात मोडलेलीच राहतात, हा अपवाद ध्यानात न घेता लिहिलेले शोधयंत्र उर्दू वळणाच्या शब्दांवर अडखळते.

यापेक्षा मोठी अडचण चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र ची आहे. ‘दऱ्या’ हा शब्द ऱ आणि हलन्त असाही लिहिलेला सापडतो, आणि साधा र, हलन्त व शून्य-रुंदीचा जोडक असाही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण युनिकोडचे प्रमाणीकरण त्यांना एक करत नाही, त्यामुळे एकाने लिहिलेला शब्द दुसऱ्याच्या शोधात सापडत नाही. त्यासाठी आमचा स्वतःचा नियम घातला : असा जोडक दिसला की र च्या जागी ऱ ठेवावा आणि जोडक काढावा. ‘दर्या’ मध्ये जोडक नसतोच, म्हणून समुद्राला या नियमाचा स्पर्श होत नाही.

१९ जुलै २०२४

सामान्यरूपाचे नियम. आधार म्हणून मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम घेतले. राज्य शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेले चौदा आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडलेले चार, असे ते अठरा आहेत. प्रत्यय लागताना शब्दाच्या पोटात जे घडते ते यांत्रिक रीतीने मांडायला हे नियम पुष्कळसे सोयीचे आहेत, कारण ते मुळातच ‘अमुक असेल तर तमुक करावे’ अशा बांधणीचे आहेत.

उपान्त्य दीर्घ ई किंवा ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होतो : वकील, वकिलाला, बहीण, बहिणीला, नागपूर, नागपुरास. पण शब्द तीन अक्षरी असून त्याचे पहिले अक्षर दीर्घ असेल, तर त्याच ई किंवा ऊ चा अ होतो : पाटील, पाटलाला, तारीख, तारखेला, लाकूड, लाकडाला, देऊळ, देवळात. ‘पाटील’ या शब्दावर दोन्ही नियम हक्क सांगतात. पहिला चालवला तर ‘पाटिलाला’ मिळते, दुसरा चालवला तर ‘पाटलाला’. सामाईक तुकडे शोधणारा जो भाग बीजगणितासाठी लिहिला होता, तो काहीही न बदलता मराठीच्या नियमावलीवर चालवला, आणि त्याने ही जोडी ताबडतोब पुढे आणून ठेवली.

येथे पूर्तीकरणाची कळ दाबली असती तर यंत्राने ‘पाटिल’ आणि ‘पाटल’ हे समान असल्याचा नवा नियम बनवला असता, नंतर इ आणि अ यांच्यातील भेदच पुसत पुढे गेला असता. १९ जूनला बीजगणित ज्या पद्धतीने ढासळले, त्याच पद्धतीने मराठी ढासळली असती. भाषेत ही जोडी लपलेला संबंध सांगत नाही. विशेष नियमाने सामान्य नियमाला बाजूला सारले आहे, एवढेच ती सांगते, आणि अपवादाने उत्सर्गाला बाधावे ही व्याकरणाची फार जुनी रीत आहे. म्हणून मराठीच्या नियमावलीसाठी कळ बंद आणि नियमांना क्रमांक, असे ठरले.

याही क्रमाने सगळे सुटत नाही. ‘जामीन’ आणि ‘शाहीर’ तीन अक्षरी आहेत, पहिले अक्षर दीर्घ आहे, तरी लोक ‘जामिनावर’ आणि ‘शाहिरांनी’ असेच लिहितात. ‘शरीर’ तत्सम असल्यामुळे ‘शरीरात’ दीर्घच राहतो. ही माहिती कोणत्याही नियमात बसत नाही, ती शब्दकोशातल्या त्या-त्या शब्दाच्या कपाळावर लिहावी लागते. आदेश निवडण्याआधी कोश पाहायचा, असा टप्पा वाढवला.

२३ जुलै २०२४

आकारान्त पुल्लिंगी नामांत आ चा या होतो : घोडा, घोड्याला, रस्ता, रस्त्यात. शेवटी सा असेल तर शा होतो : मासा, माशाला, पैसा, पैशाला, आरसा, आरशात. शेवटी जा असेल तर काहीच बदलत नाही : राजा, राजाला. ‘राज्याला’ म्हटले तर तो ‘राज्य’ या शब्दाचा झाला. ‘दरवाजा’चे प्रमाण रूप ‘दरवाजात’ आहे, पण ‘दरवाज्यात’ इतके लिहिले जाते की वाचणाऱ्या यंत्राने ते नाकारणे हटवादीपणाचे ठरेल. रूप बनवताना एकच द्यावे आणि ओळखताना दोन्ही स्वीकारावीत, असे ठरवले.

सा च्या नियमासाठी दोन मांडण्या समोर होत्या. एक अशी की सा चा शा हा स्वतंत्र अपवाद ठेवावा. दुसरी अधिक देखणी : आधी सगळ्यांना या लावावा, ‘मास्या’ होऊ द्यावे आणि मग ‘स्या’चा ‘शा’ करावा. ‘जसा’चे ‘जशा’ आणि ‘असा’चे ‘अशा’ ही रूपेही त्यात आपोआप बसतात. पण हा दुसरा नियम मोकळा सोडला की तो ‘समस्या’ला ‘समशा’ करतो आणि ‘तपस्या’ला ‘तपशा’. नियमाला कळले पाहिजे की त्याच्यापुढचा या मूळ शब्दातला आहे की आत्ता लागलेला. म्हणून मूळ शब्द आणि जोड यांच्या सीमेवर एक खूण ठेवली. नियम ती खूण पाहतात, आणि सर्वांत शेवटी एक नियम ती पुसतो.

खुणेची खरी किंमत ‘आचारी’ने दाखवली. ‘आचारी’पासून ‘आचाऱ्यांना’ होते आणि ‘आचार्य’पासून ‘आचार्यांना’. र, हलन्त आणि या हा क्रम दोन्हींकडे एकच आहे. पहिल्यात सीमा र च्या पुढे पडते म्हणून अर्धा र चंद्रकोरीचा, दुसऱ्यात र् आणि य मुळातच एकत्र आहेत म्हणून रफार. खूण पुसण्याचा नियम ऱ च्या नियमाआधी चालला तर स्वयंपाकी आणि गुरुजी एकच होतात. या दोन नियमांचा क्रम सोयीचा प्रश्न नाही, अर्थच त्यावर टांगलेला आहे.

१ ऑगस्ट २०२४

गाभ्यात आता स्पष्ट फाटा पाडला. बीजगणिताचे नियम आपल्याच उत्पन्नावर पुन्हा-पुन्हा चालतात, बदलण्यासारखे काही उरत नाही तोवर. मराठीचे नियम रांगेने एकेकदा चालतात आणि मागे वळून पाहत नाहीत. डग्लस जॉन्सन यांनी १९७२ मध्ये दाखवले होते की ध्वनिनियम स्वतःच्या उत्पन्नावर पुन्हा लागू होत नसेल तर तो मर्यादित स्थितींच्या यंत्रात बसतो. रोनाल्ड कॅप्लन आणि मार्टिन के यांच्या १९९४ च्या निबंधाने हे पक्क्या पायावर आणले : अशा नियमांची अख्खी रांग एकाच यंत्रात मिसळून टाकता येते, आणि ते यंत्र दोन्ही दिशांनी चालते. बीजगणिताच्या बाजूला ही सवलत नाही. तिथे एकाच चालीत क्रम लागत नाही.

पाणिनीकडे दोन्ही प्रकारच्या व्यवस्था आहेत, हे या निमित्ताने पुन्हा वाचताना जाणवले. ‘विप्रतिषेधे परं कार्यम्’ (१.४.२) हे सूत्र दोन नियमांच्या झगड्याचा निवाडा करते. ‘पूर्वत्रासिद्धम्’ (८.२.१) वेगळेच काम करते : तिथून पुढच्या नियमांचे फळ आधीच्या नियमांना दिसतच नाही. आमची ‘रांगेने एकेकदा’ ही पद्धत या दुसऱ्या सूत्राच्या जवळची आहे. शेवटच्या अध्यायाच्या तीन पादांना हे बंधन घालून त्यांनी पुन्हा-पुन्हा चालणारी व्यवस्था आणि एकदाच चालणारी व्यवस्था एकाच ग्रंथात शेजारी ठेवली. आम्हांला त्यासाठी दोन कळा लागल्या.

८ ऑगस्ट २०२४

उलट दिशा. बीजगणितात प्रमाणरूपाकडून मागे जाण्याची गरजच पडत नाही. मराठीत तेच मुख्य काम आहे, कारण मजकुरात शब्द प्रत्ययांसह येतात आणि कोशात मूळ रूप असते. ‘माळा’ दिला की यंत्र तीन उत्तरे देते : ‘माळ’ या स्त्रीलिंगी नामाचे अनेकवचन, ‘माळ’ या पुल्लिंगी नामाचे, म्हणजे मोकळ्या रानाचे, सामान्यरूप आणि घरातला ‘माळा’. पुढे ‘वर’ जोडलेला असेल तर उत्तर एकावर येते, कारण घरातल्या माळ्याचे ‘माळ्यावर’ होते आणि हाराचे ‘माळेवर’. निव्वळ ‘माळा’ असेल तर तिन्ही उत्तरे जशीच्या तशी परत करायची, असे ठरवले. निवड वाक्य पाहणाऱ्या पुढच्या टप्प्याने करावी. या टप्प्यावर एकच उत्तर देण्याचा आग्रह धरला तर ज्या माहितीची पुढे गरज आहे ती इथेच फेकली जाते.

१४ ऑगस्ट २०२४

सहकाऱ्यांशी बोलताना एक विचारणा झाली : दोन्ही विषय एकाच यंत्रावर चालतात, तर भाषाच क्वांटम आहे असे म्हणता येईल का? माझे उत्तर नकारार्थी आहे. लॅम्बेक यांच्या १९५८ च्या वाक्यकलनापासून निघून, कूके, सद्रजादेह आणि क्लार्क यांनी २०१० मध्ये वाक्यांच्या अर्थासाठी टेन्सर गुणाकारांची चौकट मांडली, आणि तिची आकृत्यांची भाषा क्वांटम सिद्धांतातल्या आकृत्यांशी जुळते. कॉन आणि क्रायमर यांनी पुनर्प्रसामान्यीकरणासाठी वापरलेले हॉफ बीजगणित मार्कोली, चॉम्स्की आणि बेर्विक यांनी २०२३ मध्ये वाक्यरचनेकडे आणले. ही कामे गंभीर आहेत. पण जे समान आहे ते तुकडे जोडण्याचे बीजगणित आहे, वस्तू नव्हे. आमच्या प्रकल्पात तर समानतेपेक्षा फरकाने जास्त शिकवले, त्यामुळे हा विषय इथेच थांबवतो.

२२ ऑगस्ट २०२४

एसएल-३ (एसएल-२ चे ३ × ३ भावंड) याच्या क्वांटम रूपाचा धन भाग, म्हणजे फक्त ई-जनकांचा. जनक दोन, ई-१ आणि ई-२. त्यांच्यात सेर यांचे दोन क्वांटम संबंध आहेत, आणि प्रत्येकात क्यू + क्यू⁻¹ हा सहगुणक मधल्या पदाला लागतो. ई-१·ई-१·ई-२ आणि ई-१·ई-२·ई-२ या दोन माळांना डावी बाजू मानले. सामाईक तुकडा एकच, ई-१·ई-१·ई-२·ई-२, आणि तो जुळला, पूर्तीकरणाला नवा नियम सापडला नाही. कसोटी म्हणून प्रत्येक लांबीच्या न बदलणाऱ्या माळा मोजल्या : १, २, ४, ६, ९, १२, १६. लांबी १ चे दोन आणि लांबी २ चा एक असे तीन मूळ-सदिश धरून येणारी मोजणीही हीच आहे.

२९ ऑगस्ट २०२४

सामाईक तुकड्यांचा शोधक मराठीच्या संपूर्ण नियमावलीवर नियमित चालवायला सुरुवात केली. तो आता निवाडा करत नाही, केवळ यादी देतो : कोणते दोन नियम, कोणत्या शब्दावर, आणि प्रत्येक क्रमाने काय मिळते. ‘रक्कम’चे ‘रकमेला’ आणि ‘छप्पर’चे ‘छपराला’ करणारा द्वित्वाचा नियम, तसेच ‘गंमत’चे ‘गमतीला’ करणारा अनुस्वाराचा नियम, यांचे इतर कोणाशीही भांडण दिसले नाही, म्हणून त्यांना क्रमांक देण्याचीही गरज नाही, ते कोठेही चालवावेत. ई-ऊ चे दोन नियम मात्र यादीत पुन्हा-पुन्हा येतात, आणि प्रत्येक वेळी शेवटचा शब्द कोशातल्या खुणेचा असतो. पुढचे काम म्हणजे अशा फारसी-अरबी वळणाच्या तीन अक्षरी शब्दांची खुणांसह वेगळी यादी करणे. सुरुवात ‘जामीन’ आणि ‘शाहीर’ यांनी केली आहे.